पुठ्ठ्याच्या विटा

बोलपटाच्या कंपनीत शिकवायला जाते, हे चंद्रभागाबाईंनी पंचवटीतल्या शेजारणींना सांगितलं नव्हतं. कंपनीची पत्र्याची शेड नाशिकबाहेर, त्र्यंबक रोडला. तिथं रेहाना नावाची पोर राजकन्येचं काम करायची. तिची आई अमिना कंपनीचे कपडे शिवायची. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं, म्हणूनच पोरीची शाळा बुडू नये यासाठी तिनं हट्टानं मास्तरीण मागून घेतली होती.

चित्रणाचे दिवे लावण्यात बराच वेळ जाई. तेवढ्यात किल्ल्याच्या भिंतीला टेकून दोघींची शाळा भरे. भिंत कसली, बांबूला गोणपाट ठोकून प्लास्टर थापलेलं. पलीकडे अंगण, वाळत घातलेले शेले, ऊन.

रेहाना वाचनात हुशार, पण पावकीचा पाढा म्हणताना हमखास अडायची. एके दिवशी अडली, भिंतीला कान लावला आणि पुढचं घडाघडा म्हणून गेली.

"कोण गं सांगतंय?"

"ती. आत बसते ना." रेहानानं भिंतीवर हात ठेवला. "बाई, तुम्ही शिकवता ते तिला लगेच पाठ होतं."

बाई भिंतीमागं जाऊन आल्या. अंगणात कुणी नव्हतं. हसून त्यांनी निमकीचा पाढा सुरू केला आणि एका जागी मुद्दाम थांबल्या. पुढचा आकडा भिंतीतून आला. बारीक, ओलसर आवाज. बाईंनी प्लास्टरला हात लावला. बाहेर वैशाख पेटलेला, आणि भिंत रांजणासारखी गार.

बाईंनी हात मागं घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्या कपड्यांच्या खोलीत शिकवू लागल्या.

बोलपटाच्या गोष्टीत राजकन्येला बुरुजात चिणतात. त्या प्रसंगाच्या दिवशी रेहानाच्या वेणीत गजरा माळला जात असताना ती सहज म्हणाली, "बाई, ती म्हणते, आता तू आत बस. मी शिकायला जाते."

बाई तडक दिग्दर्शक खंडेरावांकडे गेल्या. "साहेब, पोरीला त्या भिंतीत नका उभं करू."

"बाई, विटा पुठ्ठ्याच्या आहेत. फुंकर मारली तर पडतील."

बाईंनी अमिनाकडं पाहिलं. अमिनानं मान खाली घातली. "नको म्हटलं तर काम जाईल, बाई. मग शाळा कुठली?"

आवाज टिपायचा म्हणून पंखे बंद झाले. रेहाना त्याच भिंतीतल्या कोनाड्यात उभी राहिली. विटा चढत गेल्या. शेवटची वीट बसली.

"कट!"

रेहाना बाहेर आली नाही.

गड्यांनी विटा ओढल्या. हलेनात. एकानं खांदा लावून पाहिला आणि कळवळून मागं सरला.

आत पावकी चालली होती. दोन आवाज होते.

मग एकच राहिला. तो रेहानाचा नव्हता.

बाई धावल्या. विटांच्या सांध्यात नखं रुतवली. बोटांतून रक्त आलं. काय बोलावं सुचेना, आणि एकदम त्यांच्या तोंडून निघालं, "रेहाना! शाळा सुटली! बाहेर ये!"

विटा ढासळल्या. हलक्या, पुठ्ठ्याच्या. रेहाना बाईंच्या अंगावर कोसळली. ओठ निळे, पण श्वास चालू होता. संध्याकाळी तिनं चहा मागितला, तेव्हा अमिना हमसून रडली. कंपनी सोडून तिनं पोरीला गावातल्या शाळेत घातलं.

काही दिवसांनी ध्वनिमुद्रक जमील बाईंच्या दारी आला. "बाई, जरा ऐकायला कंपनीत येता का?" इतकंच म्हणाला.

त्या दिवशी गोंधळात यंत्र बंद करायचं राहून गेलं होतं. बाईंनी स्वतःची "शाळा सुटली!" ही हाक ऐकली. विटा ढासळताना ऐकल्या, अमिनाचा हंबरडा ऐकला. पावलं दूर गेली. शेड रिकामी झाली.

मग अगदी जवळून, बारीक आवाज आला.

"बाई, आणि मी?"