विमानाची भीती

"माका इमानाची भीती वाटता. किती येळा सांगू तुमका?" मोबाइलकडे न बघता अनुजा म्हणाली आणि चुलीवरची पेज उगाचच ढवळत राहिली.

पडद्यावर तिचा नवरा सुदेश होता... समुद्रापार, सेशेल्सच्या बेटावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. सहा वर्षांच्या एकटेपणानं रापलेला त्याचा चेहरा आता रागानं अधिकच काळवंडला. यंदा तर कंपनीनं त्याला बायकोला आणण्यासाठी घरही दिलं होतं.

"ह्या शेवटचा इचारतंय, अनुजा. परत इचारूचंय नाय."

"नाय," ती म्हणाली. एवढासा शब्द, पण तो उच्चारताना तिचं काळीज देठापासून तुटलं.

भीती कसली! आंबोलीच्या घाटात एस.टी.च्या खिडकीसाठी भांडणारी बाई ती. खरं कारण पडवीत बसलं होतं. सुदेश गेला त्याच वर्षी सासऱ्यांच्या, हरिश्चंद्रांच्या, अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात लुळा पडला. त्यांना भरवायचं कोणी, सदऱ्याची बटणं लावायची कोणी? त्यांच्यासाठी मागे राहिलेय, हे नवऱ्याला सांगावं तर तो नोकरी सोडून परतणार. सासऱ्यांना सांगावं तर ते स्वतःला ओझं समजणार. म्हणून तिनं नवऱ्याला सांगितलं, भीती वाटते. आणि सासऱ्यांना सांगितलं, ते मला बोलावतच नाहीत. परिणाम असा, की म्हातारा मुलाचा फोन घेईना आणि सुनेला ऐकवी, "घोवाक धरून ठेवूक येवक नाय तुका." दोन्हीकडची बोलणी ती सहा वर्षं निमूट गिळत होती...

"बरा केलंस गो, नाय गेलंस ता," शेजारच्या आनंदीबाई म्हणाल्या. "थंय माड, हंय माड. थंय दर्यो, हंय दर्यो. नारळ सोलूक इमानान जावचा काय?"

अनुजा हसली, आणि हसता हसताच तिचा पदर डोळ्यांकडे गेला.

त्या दिवसापासून म्हातारा मात्र गप्प झाला. टोमणा नाही, कुरकुर नाही. आणि सोमवारी सकाळी शिरोड्याहून नणंद सुगंधा गाडी घेऊन दारात हजर! तुळशीपुढे नारळ-विडा मांडला गेला, आनंदीबाईंना हाक गेली, आणि काय चाललंय हे अनुजाला उमगण्याआधीच हरिश्चंद्रांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा... माझ्या सुनेन माका सांगल्यान, घोव बोलवणा नाय. घोवाक सांगल्यान, इमानाची भीती वाटता. परवा पडवीत बसान मी सगळा आयकलंय. माझो हात गेलो रे देवा, कान खंय गेलेत?"

"व्हय म्हाराजा," आनंदीबाई हसू दाबत म्हणाल्या.

"मामानू, ह्या काय..." अनुजा पुढे झाली. पण गाऱ्हाण्यात मध्ये बोलायचं नसतं, फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा असतो, आणि नेमकी हीच सोय म्हाताऱ्यानं हेरली होती. समोरासमोर जे ओठांवर आलं नसतं, ते देवाच्या आडून बाहेर पडत होतं.

"झिलाक, सुदेशाक, मी शाप दिलंय, हिका टोमणे मारलंय. ते सगळे माझ्याच पदरात घाल. तेंच्या वाटेक जाव देव नको."

"व्हय म्हाराजा," सुगंधानं साथ दिली.

"आजपासून मी लेकीकडे रवतलंय."

लेकीच्या घरी चहाचा घोट घेऊन उठणारा, जेवायला म्हणून कधी पाटावर न बसलेला हा मानी माणूस...

"तिच्या ताटात जेवतलंय, जावयाच्या घरात निजतलंय. तेची लाज माका वाटू देव नको. आणि ह्या माझ्या चेडवाक, अनुजाक, तिच्या घोवाकडे सुखरूप पोचव. हेंचो अडलेलो संसार उभो कर रे म्हाराजा..."

सगळे अनुजाकडे बघत होते. ती मात्र काळजीनं सुगंधाकडे बघत होती... हिला कुठे ठाऊक, की यांना पेज कोमट लागते, घास डाव्या गालात द्यावा लागतो?

सुगंधानं तिचा हात धरला. "शिकतलंय गो वैनी. माझो बापूस आसा तो."

अनुजाच्या डोळ्यांना धारा लागल्या. आणि सगळ्यांत शेवटी तिचा आवाज आला.

"व्हय... म्हाराजा."

"आयकलंस मा, देवा?" हरिश्चंद्रांचे डोळे अजून मिटलेलेच होते. "आता हिका फिरूक देव नको."

मग त्यांनी डोळे उघडले आणि डावा हात पुढे केला. "लाव तेका फोन. पयलो मी बोलतलंय."