साठ किलो पेट्रोल

जानेवारीतलं धुकं त्या सकाळी इतकं दाट होतं, की म्हणे कोंबड्याला स्वतःची चोच सापडेना. बांग अर्धीच राहिली. नाशिकजवळच्या छोट्या धावपट्टीवर सृष्टी मात्र वेळेआधी हजर. सातपूरच्या एका फिटरची ही लेक आज पहिल्यांदा एकटीने लांबच्या फेरीवर उडणार होती.

इंधन भरायला आठवड्यापूर्वी कामाला लागलेला पिंपळगावचा हर्षल उभा होता. तिने चिठ्ठी पुढे केली.

"दादा, साठ."

"साठ काय?"

"साठ म्हणजे साठ. भरा ना लवकर... धुकं फाटतंय."

"दादा नका म्हणू. हर्षल म्हणा. आणि किलो की लिटर, तेवढं सांगा."

ती थबकली. उंची फुटांत, अंतर सागरी मैलांत, वेग नॉटमध्ये, धुक्यातलं दिसणं मीटरमध्ये — सगळं तोंडपाठ होतं. पेट्रोलचा हिशेबही तिने विमानाच्या रीतीने किलोतच केला होता. पंप मात्र लिटर मोजायचा.

"या फेरीला सगळे ऐंशी लिटरच्या वर नेतात," तो हळूच म्हणाला. "पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, मॅडम. साठ लिटरचं भरतं त्रेचाळीस किलो."

तिने चिठ्ठी परत घेऊन पाहिली. नुसतंच 'साठ' लिहिलं होतं.

"संध्या मॅडमना कळलं तर आजचं उड्डाण गेलं."

"मग चिठ्ठी बदला. मी काही बघितलं नाही."

तिने वर पाहिलं. धुक्यातसुद्धा स्पष्ट दिसावेत असे डोळे होते मेल्याचे...

"तुम्हीच तर बघितलंत," ती म्हणाली, आणि सरळ आपल्या शिक्षिकेच्या, संध्या मॅडमच्या, खोलीत गेली.

संध्या मॅडमनी तासभर लिटरचे किलो अन् किलोचे लिटर करायला लावले. मग म्हणाल्या, "आपणहून सांगितलंस म्हणून सोडते. जा."

चौऱ्याऐंशी लिटर घेऊन विमान उडालं. पुढचे दोन तास हर्षल पाइपचं पितळी टोक पुसत राहिला. पुसून पुसून म्हणे त्याची अंगठी व्हायची तेवढी बाकी राहिली.

ती उतरली. केस विस्कटलेले, गाल लाल.

"पुरलं का पेट्रोल?"

"उरलं." ती घुटमळली. "वर सारखा काटा बघत होते. आणि दर वेळी... तुम्हीच आठवत होतात."

"मग इतक्या लवकर कशाला उतरलात?"

"उतरल्याशिवाय सांगणार कसं?"