दारावरचा पांढरा ठसा

मोबाईल खिशात टाका आधी. उद्यापासून पाहुण्यांना झेब्रे दाखवायला मिठाच्या मैदानावर गाड्या घालणार ना तुम्ही? मग हे ऐका आणि मगच झोपा. ऐकीव नाही सांगत. केलापिले माझा शेजारी, वीस वर्षं माझ्याबरोबर गाइड होता.

त्याची मुलगी सेथुन्या, डोक्यावर बारीक वेण्या, तीही गाइड. सगळं ग्वेटा गाव त्याला सेथुन्याचे बाबा म्हणूनच हाक मारायचं. गाडी रुतली तर काही झालं तरी ती सोडायची नाही, हे त्यानंच तिला शिकवलेलं. पहिल्या पावसानंतर मीठ वरून कोरडं दिसतं, खाली नुसता चिखल. त्यातच तिची गाडी रुतली. एकदाच बापाला फोन लागला. हा घाबरला आणि बोलून गेला, "काठावरच्या ताडांच्या दिशेनं चालत ये, मी तिकडून येतो."

होतं तेवढं पाणी पाहुण्यांना देऊन पोरगी निघाली. पाहुणे गाडीपाशी जिवंत सापडले. ती सापडली तिसऱ्या दिवशी.

माणूस पार खचला. मीच मारलं तिला, एवढंच म्हणायचा.

पुढच्या वर्षी, सतरा नोव्हेंबर, मंगळवार. झेब्रे मैदानावर उतरलेत का, एवढंच बघून यायचं होतं त्याला. संध्याकाळी गाडी रुतली. फोन लागेना. रात्री दोन वाजता त्यानं पाण्याची बाटली सीटवर ठेवली आणि दार ढकललं. चालत जायचं होतं त्याला. कुठे, ते मला विचारू नका.

दार उघडेना.

पुन्हा ढकललं. बाहेरून कुणीतरी टेकून बसलेलं...

वारा नाही. झेब्रेही गप्प.

मग हळूच, "बाबा, गाडी सोडायची नाही."

"सेथुन्या... चुकलो गं मी..."

टेकलेलं माणूस उठलं नाही. उजाडेपर्यंत.

सकाळी मी शोधत पोचलो. दार एका बोटानं उघडलं. मिठावर पावलाची एक खूण नाही, येतानाची नाही, जातानाची नाही. दारावर मात्र बाहेरून पांढरा ठसा. टेकलेल्या पाठीचा. वर बारीक वेण्यांच्या रेघा.

गाडी अजून त्याच्या अंगणात आहे. संध्याकाळी तो आत, त्याच दाराला पाठ लावून बसतो. तीन पावसाळे पडले त्या गाडीवर. ठसा गेलेला नाही.