छावणीतली नक्षी

पुष्पावती घोडेगावला एसटीतून उतरली तेव्हा तिच्या गावाची, सोनईची गाडी नुकतीच निघून गेली होती आणि पुढची कधी येईल ते कंट्रोलरलाही सांगता येत नव्हतं. त्र्याहत्तर सालचा फेब्रुवारी. पावसाने पाठ फिरवलेली, आणि ऊन आत्ताच वैशाखासारखं तापू लागलेलं. स्टँडच्या मागे दुष्काळी गुरांची छावणी उघडली होती. तिथल्या कडुनिंबाखाली तेवढी सावली होती, म्हणून ती तिथे जाऊन बसली.

नगरच्या चित्रकला विद्यालयात ती दुसऱ्या वर्षाला होती. सोमवारी वर्गात द्यायचं साडीच्या काठाचं डिझाईन तिच्याजवळ गुंडाळी करून ठेवलेलं होतं. गर्दीत रंग पुसला तर नाही ना, हे बघायला तिने कागद मांडीवर उलगडला. हंस, कमळ, हंस, कमळ... सगळं जागच्या जागी. तेवढ्यात मानेवर गरम श्वास आला, आणि एका पांढऱ्या कालवडीने खांद्यावरून तोंड घालून दोन हंस आणि एक कमळ तोडून नेलं.

"अहो... अहो, तुमची गाय—"

एक उंच, सावळा तरुण धावत आला. कालवडीच्या जबड्यात हात घालून त्याने निळा-गुलाबी लगदा बाहेर काढला आणि तळहातावर तिच्यापुढे धरला.

"घेता?" त्याने गंभीरपणे विचारलं.

पुष्पाला रडू येत होतं आणि हसूही. "याचं मी काय करू?"

"तेही खरंच." त्याने हात पँटीला पुसला. "पण तिचीही चूक नाही. तुम्हाला ते डिझाईन दिसतं, तिला वैरण दिसली. दोन दिवस चाऱ्याचा ट्रक आला नाही."

मग तिला राग धरवेना. कालवडीच्या फासळ्या कातड्याखालून मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. तरुण मात्र उरलेल्या कागदाकडे मान वाकडी करून बघत होता.

"हे हंस कुठे पाहिलेत तुम्ही?"

"पुस्तकात."

"मग बरं झालं. पुस्तकात अजून असतील."

त्याचं नाव राधाकृष्ण, गाव पुणतांबा. शेतकीची पदवी घेऊन तो छावणीवर सुपरवायझर म्हणून आला होता. गाडी आली तेव्हा तिची पिशवी त्याने वर चढवून दिली. ती 'येते' म्हणाली नाही. पण खिडकीतून मागे वळून पाहिलंच... आणि तोही बघत होता.

त्या रात्री सोनईला कंदिलाजवळ बसून ती पुन्हा हंस काढू लागली, आणि हात चालेना. वर्गात निसळ सर तिच्या टेबलाशी थांबून नेहमी एकच बोलायचे, "हात स्वच्छ आहे तुझा. नजर मात्र उसनी आहे." तिला ते कधी कळलंच नव्हतं. रेघ सरळ येते, सपाट रंग डाग न पडता भरतो, अक्षरं मापात बसतात. अजून काय पाहिजे? पण खरं ती मनातल्या मनात जाणून होती. वर्गाचं काम संपलं की स्वतःसाठी म्हणून एक रेघही तिच्याच्याने उमटत नव्हती. लहानपणी शेणाने सारवलेल्या भिंतीवर चुन्याने बैल काढणारी पुष्पी कुठे गेली, कोण जाणे. हंस तर तिने जन्मात पाहिला नव्हता.

पुढच्या शनिवारी सोनईची गाडी समोर उभी होती. पुष्पाने ती जाऊ दिली.

"आज कागद कुठे ठेवलात?" राधाकृष्णने लांबूनच विचारलं.

"आज तिलाच कागदावर घ्यायला आलेय."

त्याने दावं धरलं, कालवड उभी राहिली, पण स्थिर उभी राहील ती कालवड कसली. कान हले, शेपूट उडाली, मान फिरली. पुष्पाने तीन कागद वाया घालवले. चौथ्यावर तिने माप सोडलं, खोडरबर सोडलं, नुसता कोळसा हातात घेतला... आणि खांद्याच्या वशिंडापासून पाठीपर्यंतची एक वळणदार रेघ अशी उतरली की तिचं तिलाच नवल वाटलं.

"ही ओळखू येते," तो हळूच म्हणाला.

"कोण, गाय?"

"हीच गाय."

मग शनिवार ठरूनच गेला. छावणीत पाथर्डीकडची लंकाबाई नावाची म्हातारी आपले दोन बैल घेऊन राहिली होती. पोरं ऊसतोडीला गेलेली, बैल हीच तिची सोबत. एके दिवशी तिचं आणि दुसऱ्या एका गावच्या माणसाचं कडाक्याचं भांडण जुंपलं. दोघांचाही बैल पांढरा, दोघांच्याही बैलाचं डावं शिंग वाकडं. राधाकृष्ण मध्ये उभा राहून दोघांच्या शिव्या खात होता.

"नावं घाला की पाठीवर," तो माणूस म्हणाला.

"वाचायचं कुनी?" लंकाबाई म्हणाली. "तू वाचनार हायेस व्हय?"

पुष्पा पुढे झाली. न वाचता लांबून ओळखू यावी अशी खूण कशी करायची, हे तर ती वर्षभर वर्गात शिकत होती. तिथे ती साबणाच्या आणि आगपेटीच्या वेष्टणांसाठी खुणा करत होती, एवढाच फरक. तिने ऑईलपेंट मागवला आणि गावागावाची खूण शिंगावर काढायला घेतली. घोडेगावला घोडा, सोनईला कणीस, लंकाबाईच्या गावाला डोंगर. रंग मोजकेच, आकार ठळक. संध्याकाळपर्यंत अर्धी छावणी नटली.

राधाकृष्ण डबा धरून मागोमाग हिंडत होता. "आणि पुणतांब्याला काय काढाल?"

"पुणतांब्याची गुरं इथे कुठायत?"

"एक आहे की. सरकारने पगार देऊन ठेवलंय."

"त्याला शिंगं नाहीत," ती ब्रशकडे बघतच म्हणाली. "कुठे काढू?"

त्याने नुसता मनगटाचा आतला भाग पुढे केला. तिने क्षणभर पाहिलं... आणि निळ्या रंगाची एक छोटी वळणाची रेघ ओढली. पुणतांब्याची गोदावरी. रंग थोडा पसरला. दोघांनीही तो पुसला नाही.

जाताना लंकाबाईने तिला हाताला धरून बाजूला घेतलं. "पोरी, एक सांगू? आल्यागेल्या पोरीला ह्यो ताई म्हनतोय. तुला कंदी म्हनला का?"

पुष्पाने आठवून पाहिलं. नव्हता म्हणाला.

मार्चमध्ये घरी पाहुणे येऊन गेले. बागायती स्थळ होतं, घरात ट्रॅक्टर, मुलगा एकुलता. मुलाची आई कौतुकाने म्हणाली, "चित्रं काढती म्हनं. बरं हाय, दिवाळीला रांगोळी तरी नीट निगंल." पुष्पाची आई केशरबाई हसली. पुष्पा चहाचा ट्रे धरून उभी होती, तिला हसता आलं नाही.

शनिवारी तिने राधाकृष्णला ते सांगितलं. तो बराच वेळ दाव्याची गाठ सोडत राहिला. मग म्हणाला, "स्थळ चांगलं आहे. पाण्याखालची जमीन आहे. माझ्यासारखं नाही... पाऊस पडला की छावणी बंद आणि मीही बंद."

"मी तुम्हाला स्थळाचं मत विचारलं नव्हतं."

"मग काय विचारलं होतं?"

ती पिशवी उचलून निघाली. सगळ्या वाटेत डोळ्यांपुढे त्याचं खाली घातलेलं डोकं होतं.

पुढचे शनिवार ती घोडेगावला उतरलीच नाही. परीक्षेचं डिझाईन होतं. नगरला ती आत्याकडे राहायची, तिथे खोली बंद करून ती बसली आणि हंसांचं पुस्तक तिने उघडलंही नाही. एकापुढे एक उभ्या राहिलेल्या गुरांच्या पाठी तेवढ्या तिने काढल्या. वशिंडाचा चढ, पाठीचा उतार, पुन्हा चढ, पुन्हा उतार... अशी ती ओळ लुगड्याच्या काठाला लाटेसारखी धावत गेली. काढताना त्या प्रत्येक पाठीमागे दावं धरून कोण उभं आहे, ते तिला ठाऊक होतं.

निसळ सर कागदापुढे उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही, सर."

"कळलं ते," सर म्हणाले. "पुढे मुंबईला जा. कापडाच्या छपाईचं शिक. दोन वर्षं लागतील. वडलांशी मी बोलू का?"

"मीच बोलते."

त्या रात्री तिने सोनईला जाऊन वडलांपुढे, काकासाहेबांपुढे, उभं राहून सांगितलं, "आण्णा, ते स्थळ मला नको. मला मुंबईला शिकायला जायचंय." केशरबाईने कपाळाला हात लावला. काकासाहेब सुपारी कातरत राहिले.

"निस्ती मुंबईच हाय, का आजून काय हाय?"

पुष्पा पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. आण्णांनी सुपारी तोंडात टाकली आणि पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती छावणीत गेली. राधाकृष्ण नव्हता. दुपार कलता कलता तो सायकलवरून आला, धुळीने माखलेला, इस्त्रीचा सदरा घामाने चिकटलेला. तिला पाहून सायकल उभी करायचीही विसरला. सायकल धाडकन पडली.

"कुठे गेला होतात?"

"सोनईला."

"कुणाकडे?"

"तुमच्या आण्णांकडे." त्याने घाम पुसला. "त्या दिवशी मी भ्यालो होतो. स्थळ चांगलं आहे म्हणालो, आणि रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या. आज जाऊन म्हटलं, माझी नोकरी कच्ची आहे, जमीन कोरडवाहू आहे, पण मला तुमची मुलगी आवडते. त्यांनी मुंबईचं सांगितलं, तेव्हा म्हटलं, तिला आधी शिकू द्या. दोन वर्षांनी तिची इच्छा असली तर... नसली तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही. पण मी चालवून घेईन."

"आण्णा काय म्हणाले?"

"म्हणाले, 'ती जनावरं चितारती, तुमी जनावरं राखता. जोडी जमंल. पन तिला इच्यारा. ती न्हाई म्हनली तर माजं काय चालत न्हाई.'" तो थांबला. "म्हणून... विचारायला आलोय."

पुष्पाला पहिल्या दिवसापासून जपून ठेवलेलं सगळं बोलायचं होतं. पण तिने आधी त्याची पडलेली सायकल उचलून उभी केली. पलीकडून पाण्याची घागर कमरेवर घेतलेली लंकाबाई दोघांकडे टक लावून बघत होती. शेवटी तिलाच राहवेना.

"काय ठरलं का न्हाई तुमचं?" ती तिथूनच ओरडली. "का म्हातारीनं उन्हात हुबंच ऱ्हायाचं?"

वर्गात चार पोरींपुढेही जिचा आवाज फुटत नसे, ती पुष्पा साऱ्या छावणीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ठरलं, मावशी. मुंबईहून आले की लग्न. तुम्ही यायचं."

वैरण टाकणारे हात थांबले. कुणीतरी शीळ घातली. राधाकृष्ण मात्र जागच्या जागी खिळला होता.

"मला कुठे सांगितलंत?" तो म्हणाला.

"आत्ता सांगितलं की."

"ते लंकाबाईंना."

ती एक पाऊल जवळ आली, आणि फक्त त्यालाच ऐकू येईल इतक्या हळू तिने ते पुन्हा सांगितलं.