कोपऱ्यातलं घड्याळ

फोन दुपारी दोनच्या सुमारास आला. खुलताबादेत एका निवृत्त मास्तरांनी विष घेतलंय, चिठ्ठी कॉम्प्युटरवर आहे आणि गल्ली सुनेच्या अंगावर धावून जातेय. फौजदार ज्ञानेश्वरीने हातातली भाकरी तशीच डब्यात टाकली.

सांडू मास्तर खुर्चीतच कलंडले होते. टेबलावर गुळवेलीच्या काढ्याचा रिकामा पेला होता आणि त्याला फवारणीच्या औषधाचा वास येत होता. समोर स्क्रीनवर बोराएवढ्या अक्षरांत चिठ्ठी होती.

'सून प्रेरणा हिच्या छळाला कंटाळून मी जीव देत आहे. तिला कठोर शिक्षा व्हावी. दुसऱ्या कोणाला दोष देऊ नये. सांडू मास्तर.'

"कॉम्प्युटरवरची वेळ टिपा," ज्ञानेश्वरी म्हणाली.

हवालदार रामप्रसादने चष्मा पुसला, नाक स्क्रीनला टेकवलं, डोळे बारीक केले. "दोन... छत्तीस, मॅडम."

फोटो काढले. माऊसवरचे ठसे घेतले.

अंगणात प्रेरणा बसली होती. बाजारची पिशवी कलंडून वांगी पसरली होती, आणि मांडीवर दोन वर्षांची पोर होती. दारात मास्तरांचा पुतण्या गोकुळ उभा होता. वेशीजवळ दाखले आणि अर्ज भरून देण्याचं त्याचं केंद्र. गल्लीत सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच.

"तुम्ही खोलीत शिरला होता?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"नाय मॅडम. दिवाळीपासून काकांच्या खोलीत पाय नाय टाकला. ही वरडली म्हणून पळत आलो, दारातूनच बघितलं. हिनंच खाल्लं माझ्या काकाला!"

चिठ्ठी होती, गर्दी होती. एवढं असलं की पोलिसांना फार डोकं चालवावं लागत नाही. वरिष्ठांचा हुकूम आला आणि संध्याकाळी प्रेरणाला अटक झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला कोर्ट. तिथून तुरुंग, आणि पोर आईवेगळी. नवरा शिवम वाळूजच्या कंपनीतून धावत आला होता, पण त्याने बायकोकडे नजर वर करून पाहिलं नाही. ज्ञानेश्वरीला त्याचा राग आला. थोडा स्वतःचाही आला, कारण बेड्या तिनेच घातल्या होत्या.

मास्तरांच्या कपाटात तिला डोळ्यांच्या डॉक्टरांचे कागद सापडले होते. दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांचे पडदे खराब. सकाळी ती कोठडीपाशी स्टूल घेऊन बसली.

"छळ केला का?"

"कॉम्प्युटर मीच शिकवला त्यांना. छळ म्हणता तो तेवढाच."

"दिसत होतं त्यांना?"

"वाटी हातात दिली तरच कळायची, मॅडम. म्हणून मी सगळंच मोठं करून दिलं होतं. अक्षरं, चित्रं, घड्याळ. माऊसचा बाण तर काळा अन् भज्याएवढा. आबा म्हणायचे, माझा फळा परत मिळाला गं."

"ते सगळं तसंच राहायचं?"

"व्हय. बंद करून चालू केला तरी."

"बाजारात किती वाजता गेलात?"

"अकराला. आधी पोस्टात गेले. आबांनी जाड पाकीट दिलं होतं, तहसील कचेरीच्या पत्त्याचं. पहाटेपासून प्रिंटर चालू होता."

"आत काय होतं?"

"नाय विचारलं. एवढंच म्हणाले, आज एका पोराला समोर बसवायचंय. समजलं तर समजलं."

"पोरगं म्हणजे कोण? शिवम?"

प्रेरणा कडवट हसली. "आबा अर्ध्या गावाला पोरगं म्हणायचे. सगळ्यांना शिकवलंय त्यांनी. शिवम तर कंपनीत होते."

कंपनीच्या हजेरीतही शिवम होता. ज्ञानेश्वरीने पंचनाम्याचा फोटो पुन्हा काढला आणि बराच वेळ पाहिला. मग तहसील कचेरीत माणूस पाठवला. सकाळच्या टपालातलं पाकीट साडेअकराला तिच्या टेबलावर आलं. तिने ते उभ्या उभ्या वाचलं, ठाण्यातल्या कॉम्प्युटरचा माऊस ओल्या फडक्याने पुसला आणि गोकुळला बोलावणं धाडलं.

"आमचा टायपिस्ट रजेवर आहे," ती त्याला म्हणाली. "तुमचा हात बसलेला. तुमचा जबाब तुम्हीच टाइप करून द्या."

गोकुळ खूश झाला. खुर्ची ओढून बसला. "अरे बाप रे! मॅडम, केवढं करून ठेवलंय हे सगळं!" त्याने खटाखट माऊस चालवला आणि स्क्रीनवरचं सारं बारीक झालं. मग दहा मिनिटांत जबाब लिहिला, पानाची अक्षरं वाढवली आणि बाजूला सरकला. "घ्या, वाचा. दिसतंय ना आता?"

जबाब बोराएवढ्या अक्षरांत होता. रामप्रसाद सवयीने वेळ टिपायला वाकला, नाक स्क्रीनला टेकवलं, आणि तसाच थांबला.

"मॅडम... घड्याळ."

"हो," ज्ञानेश्वरी म्हणाली. "गोकुळ, आता माऊसला हात लावू नकोस."

तुम्हीचं तू झालेलं गोकुळला लगेच कळलं.

"दिवसभर तू लोकांचे अर्ज भरतोस. अक्षरं मोठी केलेली असली की खालचं बटण स्क्रीनच्या बाहेर जातं. म्हणून कुठल्याही कॉम्प्युटरवर बसलास की आधी सगळं मूळ मापावर आणतोस. आत्ता इथं आणलंस, तुझ्या ध्यानातही आलं नाही. काल काकांकडं तेच केलंस. त्यांनी लिहिलेलं पुसायचं होतं आणि बटण सापडत नव्हतं. मग चिठ्ठी लिहिलीस. लिहून झाल्यावर आठवलं, म्हाताऱ्याला बारीक दिसत नाही. घाईत फक्त चिठ्ठी मोठी केलीस. घड्याळ, चित्रं, बाण, सगळं बारीकच राहिलं. जे घड्याळ रामप्रसादला चष्म्यातूनही जेमतेम वाचता आलं, त्या स्क्रीनवर मास्तरांना बाण तरी सापडला असता का?"

"तेवढ्यानं काय व्हतं? प्रेरणानं केलं असंल."

"सगळं मोठं करून देणारी प्रेरणाच. तिने लिहिलं असतं तर आहे त्याच अक्षरांत लिहिलं असतं, आणि घड्याळही मोठंच सापडलं असतं. आणि दिवाळीपासून तू त्या खोलीत गेला नाहीस ना? मास्तरांच्या माऊसवर मास्तरांचे ठसे आहेत, प्रेरणाचे आहेत आणि आणखी एकाचे. हा माऊस मी तू यायच्या आधी पुसला होता, स्क्रीनवरचं सगळं मोठंही मीच केलं होतं. ह्यावर फक्त तुझे आहेत."

गोकुळने हात मांडीखाली घेतले.

ज्ञानेश्वरीने पाकिटातले कागद टेबलावर मांडले. नऊ पानं, एकेका पानावर पाचच ओळी. मास्तरांना स्वतःचं लिहिलेलं वाचता यावं म्हणून एवढी मोठी अक्षरं. पहिलीच ओळ होती, 'माझी वहिनी गोजरबाई जिवंत आहे.'

"तुझी थोरली चुलती. विधवा, पोरबाळ नाही. आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ. तिला कागदावर मारलंस, स्वतःला एकटा वारस दाखवलंस आणि वेरूळ रस्त्याची तिची जमीन नावावर लावलीस. तिच्या मयतीचा दाखला मास्तरांनी स्क्रीनवर फळ्याएवढा करून वाचला. ज्या तारखेला ती मेली म्हणतोस, त्या दिवशी ती त्यांच्या ओसरीवर जेवली होती."



"संध्याकाळपर्यंत स्वतः जाऊन कबूल कर, म्हणाले." गोकुळने पहिलं पान पालथं केलं. "म्या पाया पडलो. लई पडलो. नाय म्हणजे नायच. औषध मागच्या गोठ्यातच व्हतं."

"काढा कडूच असतो. आणि त्यांना दिसत नव्हतं."

"पेला म्याच हातात दिला," गोकुळ पुटपुटला.

"टपाल पोचेपर्यंतचा वेळ त्यांनी तुला दिला होता, मूर्खा. आणि पाकीट कधीच पोस्टात गेलं होतं. तू त्यांना फुकट मारलंस."

प्रेरणा तीनच्या आधी सुटली. ठाण्याच्या फाटकाशी शिवम पोरीला घेऊन उभा होता. तिने पोर त्याच्या कडेवरून घेतली आणि मागे न बघता चालू लागली. 

तिसऱ्या दिवशी पिशोरकडच्या डोंगरातून गोजरबाई आली. खांद्यावर घोंगडी, पायांत धूळ. जबाब लिहून झाल्यावर रामप्रसादने शाईचा डबा पुढे केला.

"मेलेल्या बाईचा अंगठा चालतो का, बाई?" तिने ज्ञानेश्वरीला विचारलं.

"चालतो, आजी."

तिने अंगठा उठवला, पण उठली नाही. "मास्तरनं माझं नाव कुठं लिवलंय, ते दाखव."

ज्ञानेश्वरीने पहिलं पान काढलं आणि तिचं बोट धरून नावावर ठेवलं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. ते बोट तिने एकेका अक्षरावरून हळूहळू फिरवलं.

"लई मोठं लिवलंय," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून तिथंच बसून राहिली.