शेठचा फोटो

मामीने सांगितलेलं काम साधं होतं. शेठचा एक फोटो. शेठ म्हणजे मामाचा मासा. नारिंगी, पोटाने गोल, आणि मामाशिवाय कुणाला भाव न देणारा. मामा गेल्यापासून त्याने खाण्याला तोंड लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुकानदार येऊन त्याला टाकीसकट घेऊन जाणार होता.

"माझ्या डोळ्यांदेखत मरायला नको तो," मामी म्हणाली. "पण एक चांगला फोटो असू दे. माझ्या मोबाइलमध्ये नुसता नारिंगी डाग येतो गं."

माशांचे फोटो काढताना कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही. तो काचेतलं तुमचंच नाक टिपून मोकळा होतो. म्हणून भर दुपारी मी पडदे ओढले, दिवे घालवले, टाकीवरचा तेवढा चालू ठेवला. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, लेन्सची रबरी कड काचेला टेकवली आणि सगळी सेटिंग्ज हाताने लावली. खोलीत शेवाळाचा ओला वास होता आणि हवेच्या पंपाची गुरगुर. मामी माझ्या मागे खुर्चीत बसली होती.

शटर वेगवान ठेवलं तर शेठ स्पष्ट यायचा, पण फोटो काळोखा. फोटो उजळावा म्हणून मी आयएसओ वाढवायला गेले आणि अंधारात भलतीच चकती फिरवली. शटर बराच वेळ उघडं राहिलं. फोटो पांढराफटक, त्यात शेठ विरघळून गेलेला. पण वरच्या कोपऱ्यात पाण्यात बुडवलेलं एक बोट होतं. अगदी स्पष्ट.

"मामी, पाण्यात बोट नको ना घालू."

"मी कुठे उठले?" आवाज मागून, खुर्चीतूनच आला.

मी घाबरायला हवं होतं. पण मला लहानपणापासून बंद डब्याचं झाकण उघडल्याशिवाय चैन पडत नाही. शटर रेंगाळलं की हलणारं सगळं पुसलं जातं, स्थिर असेल तेवढंच उरतं. मग त्या पाण्यात इतकं स्थिर होतं तरी काय? मी लेन्सचं छिद्र बारीक केलं आणि शटर आणखी लांबवलं.

या वेळी मनगटापर्यंत हात आला.

अजून लांबवलं. आता बाहीची दुमडही दिसली... आणि शेठसुद्धा. तो पुसला गेला नव्हता. मी कॅमेऱ्यावरून डोळा काढून टाकीकडे पाहिलं. एरवी क्षणभर न थांबणारा शेठ वरच्या कोपऱ्यात जागच्या जागी उभा होता, रिकाम्या पाण्याला तोंड लावून.

"मामी... जरा इकडे ये."

तिने स्क्रीनवर वाकून पाहिलं. पंप गुरगुरत होता. मग ती अगदी हळू म्हणाली, "बोट वाकडं आहे बघ. यांचंच, दारात चेमटलेलं... असंच बुडवून बसायचे रोज. मी ओरडायचे, हात तरी धुवा म्हणून."

ती घाबरली नव्हती. तिचा चेहरा इतका उजळला होता, की भीती मला वाटली ती त्याचीच.

"दुकानदाराला नको म्हणून कळव," ती म्हणाली.

परवा तिचा फोन आला. मी विचारलं, "शेठ खातो का गं?"

"खातो म्हणजे काय, चांगला जाडजूड झालाय. पण खाण्याचा डबा मी उघडलेलाच नाही. तू गेलीस तेव्हा ठेवला होता तसाच आहे, भरलेला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐक ना," तिचा आवाज एकदम लहान झाला. "तू परत ये. या वेळी शटर खूप वेळ उघडं ठेव... हातापर्यंत आलंय. चेहरा येईल का गं?"

मी बघते म्हणाले. ट्रायपॉड दाराशी काढून ठेवला आहे. दोनदा आत नेऊन ठेवला, दोनदा परत बाहेर आणला.