लंबक कोणी धरला?

"माझं गाणं चोरीला गेलंय," ती दारातूनच हलक्या आवाजात म्हणाली.

काकांना वाटलं, बाई गंमत करतेय. काकूंनी मात्र चष्मा लावला. चोऱ्या शोधणं हा काकूंचा धंदा, आणि त्यांची पिशवी धरून भलत्याच माणसावर संशय घेणं हा काकांचा.

बाई गायिका होती. गाणी स्वतःच लिहायची, चालीही स्वतःच लावायची. नवा अल्बम घरीच चालला होता. काल दुपारी शेवटचं गाणं झालं, ती गच्चीत चहाला गेली, आणि परत येऊन बघते तर रेकॉर्डिंगच्या यंत्रातलं कार्ड गायब.

"मग पुन्हा गा की!" काका म्हणाले.

"परवा गळ्याचं ऑपरेशन आहे. आजपासून गाणं बंद. नंतर हा आवाज राहील की नाही, कुणी सांगावं?" तिचे डोळे भरून आले. "बाबांना यातलं काही माहीत नाही. मी नोकरी सोडल्यापासून आमचं बोलणं म्हणजे 'दिवा घालव' आणि 'दार लाव'."

तिच्या गाण्याच्या खोलीला चारी बाजूंनी रजया लावल्या होत्या. आत पाऊल टाकताच जग मऊ झालं. काकांना स्वतःचा श्वाससुद्धा दुसऱ्या कुणाचा वाटला, आणि उभ्या उभ्या पेंग आली. दाराबाहेरच लंबकाचं जुनं घड्याळ टिकटिकत होतं. काकांनी मनगटावर पाहिलं. भिंतीवरचं बरंच मागे होतं.

रेकॉर्डिंग करणाऱ्या मित्राला सगळे कानसेन म्हणत. "या घड्याळानं आधी वात आणला होता," तो म्हणाला. "मग ही ते थांबवायला लागली. तेव्हापासून चिडीचूप."

"मी कुठे? मला वाटायचं, तूच थांबवतोस," गायिका म्हणाली.

"काल काही वेगळं घडलं?" काकूंनी विचारलं.

"शेवटच्या कडव्यात हिच्या आवाजाखाली काहीतरी घुमलं. दार उघडता उघडता मी म्हणालोसुद्धा, गाणं बिघडलं बहुतेक. ही म्हणाली, आधी चहा. मग दोघंही गच्चीत गेलो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो बाजूला गेला. "मोठ्या कंपनीचा असणार! हाच चोर," काका कुजबुजले.

"उगी राहा हो."

वडील मागच्या अंगणात होते. "गाण्याबिण्याशी माझा संबंध नाही. मी झाडांना पाणी घालत होतो."

"घड्याळ मागे पडतंय तुमचं," काकू म्हणाल्या.

"माझं घड्याळ?" म्हातारा दुखावला. "मुळीच नाही. कुणाचा हात लागत नाही त्याला. काचेला कुलूप आहे, किल्ली माझ्या खिशात."

बिचारा, काकांच्या मनात आलं. काकूंनी मात्र सगळ्यांना घड्याळासमोर बोलावलं.

"चांगलं घड्याळ असं मागे का पडावं? गाणं चालू असताना कुणीतरी लंबक धरून ठेवतं म्हणून. हिनं धरला नाही, यानं धरला नाही. काचेला कुलूप आहे आणि किल्ली एकाच खिशात." काकू वडिलांकडे वळल्या. "प्रत्येक गाण्याला तुम्ही इथं उभे होतात."

"अगं, पण मग चोरी कशाला?" काका म्हणाले.

"गाणं बिघडल्याचं यांनी दाराआडून ऐकलं ना! काल ऐकता ऐकता हे स्वतःच गुणगुणले. तोच तो घुमलेला आवाज."

वडिलांनी काच उघडली. कार्ड लंबकाखाली ठेवलेलं होतं.

"माझ्यामुळे नासलं वाटलं," ते पुटपुटले. "म्हटलं, कार्ड नसलं की उद्या पुन्हा गाईल. स्वच्छ."

"उद्या गाता येणार नाही मला, बाबा." आणि तिनं ऑपरेशनचं सांगितलं.

म्हाताऱ्यानं कार्ड उचलून कानसेनच्या हातात ठेवलं.

कानसेननं गाणं लावलं. वडिलांनी सवयीनं लंबक धरला. तिचा आवाज अंगावर पांघरूण घातल्यासारखा पसरत गेला. शेवटच्या कडव्यात खालून दुसरा आवाज आला, जाडाभरडा, किंचित मागे राहणारा. काकांना वाटलं, हे स्वप्नच असावं. त्यांनी डोळे पुसले.

"खालचा आवाज बराचसा पुसता येईल," कानसेन म्हणाला.

"हात तर लावून बघ!" गायिका कडाडली.

वडिलांनी घड्याळाकडे पाहिलं. मग लंबक सोडून काकांकडे वळले.

"बरोबर किती वाजलेत हो?"

काकांनी सांगितलं. वडिलांनी काटे पुढे सरकवले.

"परवा उशीर व्हायला नको," ते मुलीला म्हणाले. "मी येतोय बरोबर."